१४ पैकी ३

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी जो पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात पडतो, त्यात बर्‍याचदा एक अपूर्णांक असतो. ०/१८, ३/१४, ७/२२... असं काहीतरी. काढलेल्या लिम्फ नोड्सपैकी किती नोड्समध्ये कॅन्सरच्या पेशी सापडल्या, त्याचा हा हिशोब. बाकीचा रिपोर्ट घरच्यांच्या डोक्यावरून जातो. कळतो तो हा एकच आकडा. आणि मग सगळं घर त्या आकड्याभोवती फिरायला लागतं.

मी डॉक्टर नाही. आठवडाभर सर्व्हरचे लॉग वाचणारा साधा सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. त्यामुळे उपचारांचा सल्ला इथे मिळणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण एखादा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हा प्रश्न माझ्याही धंद्यातला आहे. या आकड्याच्या मागे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांची मोठी भानगड आहे आणि ती आपल्यापर्यंत सहसा पोचत नाही. म्हणून हा प्रपंच. लेख जरा लांबलाय, चहा घेऊन बसा :-)

आधी शब्दांचा घोळ मिटवून टाकू. मराठीत ट्यूमरलाही गाठ म्हणतात आणि नोडलाही गाठच. 'लसिका ग्रंथी' हा शब्द पुस्तकात बरा दिसतो, पण ओपीडीत कोणी वापरत नाही. म्हणून मी इथे नोडच म्हणणार. नोड तुम्हाला ओळखीचा आहे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, घसा धरला की जबड्याखाली दुखर्‍या गोळ्या हाताला लागतात, ते हेच. शरीरात असे पाच-सहाशे नोड्स असतात. पेशींच्या मधल्या जागेत झिरपलेलं पाणी बारीक नळ्यांमधून परत रक्तात जातं आणि वाटेत या नोड्समधून गाळलं जातं. प्रतिकार करणार्‍या पेशी तिथे ठाण मांडून बसलेल्या असतात. थोडक्यात, नाक्यावरची पोलीस चौकी. मूळ गाठीतून सुटलेल्या कॅन्सरच्या पेशी बर्‍याचदा सगळ्यात आधी या चौकीत सापडतात.

मग हा आकडा इतका महत्त्वाचा का? कारण तो खरोखरच भाकीत करतो. स्तन, मोठं आतडं, जठर, फुप्फुस, तोंड... बहुतेक कॅन्सरमध्ये नोड्स कोरे असलेल्या रुग्णांचा गट हा नोड्समध्ये कॅन्सर सापडलेल्यांच्या गटापेक्षा जास्त जगतो. जगभर स्टेज ठरवायला जी टीएनएम पद्धत वापरतात, तिच्यातला मधला 'एन' नोडचाच. स्तनाच्या कॅन्सरमध्ये १ ते ३, ४ ते ९ आणि १० किंवा जास्त असे गट पाडतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये एका जरी नोडमध्ये पेशी सापडल्या तरी स्टेज निदान तिसरी होते आणि केमोथेरपीचा विषय निघतो.

इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर.

माझ्या एका मावशीचा मागच्या वर्षी असाच रिपोर्ट आला. स्तनाचा कॅन्सर, १४ पैकी ३. संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचा फोटो फिरला. एका मावसभावाने भागाकार करून '२१ टक्के पसरलाय' असं जाहीर केलं. दुसर्‍याने कुठूनतरी पाच वर्षं जगण्याच्या टक्केवारीचा तक्ता आणून टाकला. आता हे २१ टक्के कशाचे? काखेत साधारण वीस-तीस नोड्स असतात, त्यातले चौदा तपासले, तीनमध्ये पेशी दिसल्या. एवढंच. रोग अंगभर किती पसरलाय त्याची ही टक्केवारी नव्हे. ग्रुपवर सगळ्यांची मतं देऊन झाली, पण मावशीने मला फोनवर जो प्रश्न विचारला तो या सगळ्यांपेक्षा शहाणा होता. "अरे, पहिल्यांदाच सगळ्या नसत्या का काढून टाकता आल्या? मग पुढे जायलाच काही उरलं नसतं."

हाच विचार मावशीच्या आधी एका फार मोठ्या सर्जनने केला होता. विल्यम हॉलस्टेड, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमधले. त्यांचं म्हणणं असं की कॅन्सर पायरी पायरीने सरकतो. आधी गाठ, मग शेजारचे नोड्स, मग बाकीचं शरीर. म्हणजे नोड्सच्या पायरीवरच वाट तोडली की काम झालं. १८९४ मध्ये त्यांनी आपल्या ऑपरेशनचे निकाल छापले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतले सगळे नोड्स, सगळं एकदम काढायचं. रॅडिकल मास्टेक्टॉमी. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं जगभर या ऑपरेशनचं राज्य होतं. लाखो बायका छातीचा पिंजरा उघडा पडलेला आणि हात सुजलेला अशा अवस्थेत जगल्या. तर्क इतका सरळ होता की तो तपासून बघावा असं फारसं कोणाला वाटलं नाही.

तपासला तो पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी. १९७१ साली अमेरिकेत त्यांनी एक ट्रायल सुरू केली, बी-०४ नावाची. काखेत हाताला नोड लागत नाही अशा १०७९ बायका. नाणेफेक करावी तसे त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाचं हॉलस्टेडचं पूर्ण ऑपरेशन. दुसर्‍या गटात फक्त स्तन काढला आणि रेडिएशन दिलं. तिसर्‍या गटात फक्त स्तन काढला, काखेला हातच लावला नाही. पुढे नोड वाढला तरच तो काढायचा.

पहिल्या गटात काढलेले नोड्स तपासले तेव्हा जवळपास ४० टक्के बायकांच्या नोड्समध्ये कॅन्सर निघाला, जो बाहेरून हाताला लागत नव्हता. आता गट नाणेफेकीने पाडलेत, म्हणजे तिसर्‍या गटातही साधारण ४० टक्के बायकांच्या काखेत कॅन्सर असणार. आणि तो तिथेच ठेवला होता! हॉलस्टेड बरोबर असते तर या गटात नंतर जास्त मृत्यू दिसायला हवे होते. २००२ मध्ये पंचवीस वर्षांचे निकाल छापून आले. तिन्ही गटांच्या जगण्यात दखल घेण्यासारखा फरक नाही. इतकंच काय, तिसर्‍या गटातल्या ४० नव्हे, फक्त १८-१९ टक्के बायकांना पुढे काखेतले नोड्स काढायची वेळ आली.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत फेर्‍या मारत होतो. कारण हा आमच्या रोजच्या कामातला फरक आहे. सर्व्हर आजारी पडला की लॉगमध्ये एररच्या ओळी यायला लागतात. ओळी जितक्या जास्त तितका बिघाड मोठा, हे भाकीत बहुतेक वेळा अचूक ठरतं. पण म्हणून लॉगची फाइल पुसून सर्व्हर बरा होत नाही. ब्लेक केडी नावाच्या अमेरिकन सर्जनने १९८४ साली नेमकं हेच लिहिलं: नोड्स हे जगण्याचे सूचक आहेत, नियंते नव्हेत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये नोडमध्ये पेशी सापडणं म्हणजे 'या कॅन्सरला प्रवास करता येतो' असा निरोप. निरोप्याला धरून ठेवल्याने निरोप बदलत नाही. पण तो ऐकून अंगभर पोचणारी औषधं देता येतात आणि बराचसा जीव त्यांनीच वाचतो.

याचा उपयोग आज रोज होतो. काखेतल्या सगळ्या नोड्सवर हात मारण्याऐवजी आधी फक्त पहिल्या चौकीतले एक-दोन-तीन नोड्स काढून बघतात, त्याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात. त्यात एक-दोन नोड्समध्ये कॅन्सर निघाला तरी बाकीचे काढायचेच का, हाही प्रश्न ट्रायलने विचारला. झेड-००११ नावाच्या या ट्रायलमध्ये स्तन न काढता फक्त गाठ काढलेल्या आणि नंतर रेडिएशन घेतलेल्या बायका होत्या. दहा वर्षांनी, बाकीचे नोड्स न काढलेल्या गटात ८६.३ टक्के जिवंत आणि काढलेल्या गटात ८३.६ टक्के. म्हणजे ठेवल्याने तोटा झाला नाही. आणि काढण्याची किंमत मोठी असते. हाताकडून येणार्‍या पाण्याचा रस्ताच तुटतो, हात सुजतो, जड होतो. काही जणींना हे आयुष्यभर पुरतं. भाकर्‍या थापणार्‍या, शिलाई मशीनवर बसणार्‍या बाईला उजवा हात म्हणजे काय असतो ते वेगळं सांगायला नको.

इथे थांबलो असतो तर लेख छान गोळीबंद झाला असता. 'नोड म्हणजे नुसता निरोप्या, काढण्यात अर्थ नाही.' पण तसं नाहीये! आणि हे दाखवून दिलं आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलने.

भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो. तंबाखू, मिश्री, गुटखा. (२०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहेच.) या कॅन्सरच्या पेशी मानेतल्या नोड्समध्ये जातात. प्रश्न असा होता की गाठ लहान आहे, मानेत नोड लागत नाही, अशा रुग्णाच्या मानेतले नोड्स आधीच काढायचे की ते दिसू लागल्यावर काढायचे? सर्जन लोकांमध्ये यावर पन्नास वर्षं तरी वाद चालू होता. दोन्ही बाजू ठाम, पुरावा कच्चा. डॉ. अनिल डिक्रूझ आणि टाटामधल्या त्यांच्या सहकार्‍यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्ण घेऊन ट्रायल केली. २०१५ मध्ये पहिल्या ५०० जणांचे निकाल न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आले. तीन वर्षांनी, नोड्स आधीच काढलेल्या गटात ८० टक्के लोक जिवंत. वाट बघणार्‍या गटात ६७.५ टक्के. साडेबारा टक्क्यांचा फरक! म्हणजे दर आठ जणांमागे एक जीव. जगभरच्या सर्जननी या निकालाची दखल घेतली.

म्हणजे स्तनात जो नोड निरोप्या, तोच तोंडात वाट. ढोबळ कारण असं की स्तनाचा कॅन्सर जीव घेतो तो बहुधा हाडं, फुप्फुस, यकृत अशा दूरच्या ठिकाणी जाऊन. तोंडाचा कॅन्सर बर्‍याचदा तोंडात आणि मानेतच जीव घेतो. मानेत तो वाढू दिला की नंतर तो पूर्ण काढताच येत नाही. इथे नोड ही लॉग फाइल नाही, इथे तोच बिघाड आहे.

तिसरं टोक थायरॉइडचं. पॅपिलरी थायरॉइड कॅन्सर झालेली तिशीतली मुलगी घ्या. मानेतल्या नोड्समध्ये कॅन्सर आहे, पण दूर कुठे गेलेला नाही. आजच्या नियमांप्रमाणे तिची स्टेज कोणती? पहिली! ५५ वर्षांच्या आतल्या रुग्णाला नोड्समध्ये पेशी सापडल्या तरी स्टेज पहिलीच राहते, कारण या वयात त्याने जगण्यावर फारच थोडा फरक पडतो. 'नोड पॉझिटिव्ह' हे दोनच शब्द. एका घरात त्यांचा अर्थ पहिली स्टेज, दुसर्‍या घरात तिसरी. आणि आपण दोन्ही घरी सारखाच चेहरा करून भेटायला जातो.

मग पेशी नोडमधून पुढे जातात की नाही? गेल्या दहा वर्षांत याचं उत्तर डीएनएमधून मिळायला लागलंय. २०१७ मध्ये कमिला नाक्सेरोवा आणि सहकार्‍यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या १७ रुग्णांमधल्या मूळ गाठीच्या, नोडच्या आणि दूरच्या गाठींच्या पेशींची वंशावळ मांडली. गिट वापरणार्‍यांना लगेच कळेल: कुठली ब्रांच कुठून फुटली ते बघायचं. ६५ टक्के रुग्णांमध्ये नोडमधली आणि दूरची गाठ मूळ गाठीतूनच वेगवेगळ्या फुटलेल्या निघाल्या. बाकी ३५ टक्क्यांमध्ये दोघींचा उगम एक होता. पुढच्याच वर्षी उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की पेशी नोडमधून थेट रक्तात शिरू शकतात. थोडक्यात, हॉलस्टेड पूर्ण चूक नाहीत आणि फिशर पूर्ण बरोबर नाहीत. दोन्ही गोष्टी घडतात. कुठे काय जास्त घडतं हे अवयवागणिक बदलतं आणि ते बसल्या जागी तर्काने ठरत नाही.

आता त्या तक्त्याबद्दल, जो ग्रुपवर कोणीतरी हमखास टाकतोच. त्यात एक गंमत दडलेली असते. शाळेत 'अ' तुकडीतला शेवटचा मुलगा 'ब' तुकडीत टाकला आणि तिथे तो पहिला आला, तर दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढते. एकही मुलगा जास्त शिकलेला नसतो! नोड्सचंही असंच होतं. समजा, नोड्स कोरे असलेले १०० रुग्ण, त्यातले ८० जगले. नोड्समध्ये कॅन्सर असलेले १००, त्यातले ४० जगले. आता पॅथॉलॉजिस्टने जास्त बारीक काप घेऊन तपासलं आणि 'कोर्‍या' गटातल्या २० जणांच्या नोड्समध्ये थोड्याशा पेशी सापडल्या. या २० पैकी १२ जगणारे. त्यांना दुसर्‍या गटात टाकलं. कोर्‍या गटात आता ८० पैकी ६८, म्हणजे ८५ टक्के. दुसर्‍या गटात १२० पैकी ५२, म्हणजे ४३ टक्के. दोन्ही गट सुधारले. एकूण जगणारे मात्र आधीही १२० आणि आताही १२०. (आकडे माझे, समजावण्यापुरते.) येलच्या अल्व्हान फाइनस्टाइन यांनी १९८५ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या नोंदींमध्ये हा प्रकार दाखवून दिला. म्हणून वीस वर्षांपूर्वीचा तक्ता आजच्या रिपोर्टला लावू नये आणि दोन हॉस्पिटलांचे तक्ते डोळे झाकून शेजारी ठेवू नयेत.

माझं मत सांगायचं तर या अपूर्णांकाला निकाल न समजता प्रश्नांची सुरुवात समजावं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांपुढे बसलात की तीन गोष्टी विचारा. एक, छेद किती आहे? चार नोड्स तपासून शून्य आणि वीस तपासून शून्य यात फार फरक आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये निदान १२ नोड्स तपासावेत असा संकेतच आहे. दोन, नोडमध्ये कॅन्सर किती आणि कसा आहे? दोन मिलिमीटरच्या आतला ठिपका आहे, की नोडचं आवरण फोडून बाहेर आलाय? तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर यावर स्टेज बदलते. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं: या आकड्यामुळे आमच्या रुग्णाच्या उपचारात नेमकं काय बदलणार? 'किती वर्षं?' यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे. उदाहरणार्थ, २०२१ मध्ये छापलेल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं की हार्मोनला दाद देणारा स्तनाचा कॅन्सर, १ ते ३ नोड्स पॉझिटिव्ह, पाळी गेलेली आणि गाठीच्या जनुकचाचणीचा स्कोअर २५ पर्यंत, अशा बायकांना केमोथेरपीने वाढीव फायदा झाला नाही. पाळी चालू असलेल्यांना झाला. आकडा तोच, उपचार वेगळे.

आणि शेवटचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहिलं. वर जे जे ठामपणे सांगितलं, ते कोणाच्या हुशारीने कळलेलं नाही. हॉलस्टेड कमी हुशार नव्हते. ते कळलं कारण अमेरिकेतल्या हजारभर बायकांनी आणि परळला आलेल्या ५९६ रुग्णांनी 'माझा उपचार नाणेफेकीने ठरवा' याला होकार दिला. कॅन्सर कळून चार दिवस झालेल्या माणसाने असं म्हणायला काय लागत असेल, विचार करा. त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत. पण आज मानेचं ऑपरेशन वेळेवर होऊन जो तंबाखूवाला घरी जातो, तो त्यांच्या जिवावर जातो.

आपल्याकडे ट्रायल म्हटलं की 'आमच्या माणसावर प्रयोग नकोत' हे ठरलेलं उत्तर. अविश्वासाला कारणं आहेत, मान्य. संमतीपत्र न समजावता सही घेतली गेल्याच्या तक्रारी आपण वाचलेल्या आहेत. म्हणून नियम हवेतच, देखरेख हवीच. २००९ पासून भारतात प्रत्येक ट्रायलची सरकारी रजिस्ट्रीत आधी नोंद करावी लागते, ती कोणालाही बघता येते. पण एक लक्षात घ्या. हॉलस्टेडचं ऑपरेशन हाही प्रयोगच होता. फक्त तो कोणी मोजत नव्हतं, म्हणून पाऊणशे वर्षं चालला. मोजलेला प्रयोग आणि न मोजलेला प्रयोग, यातला कुठला जास्त धोक्याचा?

तेव्हा तुमच्या घरच्या कोणाला असं विचारलं गेलं, तर कागद नीट वाचा, दोन दिवस मागून घ्या, मनात येतील तेवढे प्रश्न विचारा. पटलं नाही तर खुशाल नाही म्हणा. फक्त 'प्रयोग' हा शब्द ऐकून खुर्चीवरून उठू नका.